दोन बोटं सैल

मावशीची क्षयाची औषधं संपून तीन महिने झाले होते. तपासण्या साफ आल्या होत्या आणि 'यांच्यापासून आता कुणालाही लागण होणार नाही' असं पत्र डॉक्टरांनी दिलं होतं. मावशीच्या नवऱ्याने काय करावं? ते पत्र चौकटीत बसवून शिवणाच्या दुकानाच्या दारातच टांगलं. ज्यांना आजार ठाऊक नव्हता, त्यांनाही तो कळला! भोळेपणालाही काही सुमार असतो. पण एवढ्या मायेने केलेल्या कामावर मावशीला धड रागावताही येईना.

बायका माप द्यायला येईनाशा झाल्या. कुणाच्या तरी हाती जुना ब्लाउज यायचा, सोबत निरोप, "यावरून शिवा, मावशी, वेळच मिळत नाही बघा." मावशी काही दुधखुळी नव्हती. बावीस वर्षांत तिचं माप चुकलं नव्हतं, आणि आता मापाला माणूसच नव्हतं.

अशात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई स्वतः आल्या. "घ्या हो माप," म्हणत हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांच्या छातीभोवती टेप लावताना मावशीचे डोळे भरून आले.

चार दिवसांनी बाईंनी पडद्यामागे ब्लाउज घालून पाहिला, तर तो दोन बोटं सैल!

मावशी मटकन स्टुलावर बसली. "आजाराने हातच नेला माझा," ती नवऱ्याला म्हणाली. "मशीन देऊन टाका कुणालातरी. माझ्याने आता होणार नाही."

बाईंचा चेहरा पडला. ब्लाउजची बटणं लावत, काढत त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं माप बरोबर होतं. मीच छाती भरून श्वास घेतला होता, आणि तुम्ही टेप काढेपर्यंत सोडलाच नाही."

बाईंनी दारातल्या पत्राकडे बोट केलं.

"दरवर्षी मुलांना हाच धडा शिकवते. औषधं पूर्ण झाली की भीती नाही म्हणून पाठ करून घेते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माफ करा."

मावशीला ते लागलं, चांगलंच लागलं. पण हात शाबूत आहे या आनंदाने तिला हसूही फुटलं. आणि हे तोंडावर सांगायला ही बाई थांबली, याचंच तिला अप्रूप वाटलं.

"पुन्हा घेऊ?" तिने विचारलं.

"घ्या. आणि मला बोलतं ठेवा, म्हणजे श्वास धरता यायचा नाही."

"मग सासूबाई कशा आहेत तुमच्या?"

झालं! बाईंची गाडी सुसाट सुटली. माप केव्हाच घेऊन झालं होतं. पण मावशीने टेप सोडली नाही, आणि बाईही बोलायच्या थांबल्या नाहीत.