पोकळ नाकाची गोळी

पुरुषोत्तमला सगळं कळतं, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. अमेरिकेत स्टेट कॉलेजात जिऑलॉजीचे आम्ही तिघं मराठी. तो पुण्याचा, सगळ्यांत सीनियर; कुशल नागपूरचा, नुकताच आलेला; आणि मी, सुजाता. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात अलास्कात फील्डवर्कला जायचं होतं, आणि तिथे अस्वलं. प्रोफेसर म्हणाले, बंदूक माझ्या नावावर घेऊ, पण निवडा तुम्ही.

दुकानातल्या म्हाताऱ्याने लांब नळीची शॉटगन काउंटरवर ठेवली. सोबत शिशाच्या भरीव, जाड गोळ्या. "अस्वलाचं हाड फुटलं पाहिजे," तो म्हणाला. कुशलने ती उचलून पाहिली. "हीच घेऊ ना, दादा."

पण दादांचा जीव चकचकीत रिव्हॉल्व्हरवर जडला होता. कमरेला लटकवून घरी पाठवायला फोटो काढायचे होते ना! वर गोळ्या घेतल्या पोकळ नाकाच्या. अंगात शिरल्या की फुलतात म्हणे. म्हातारा म्हणाला, "त्या माणसांसाठी असतात, बाबा. अस्वलाच्या चरबीतच अडकतील."

"ह्याला काय कळतंय? मी वाचलंय सगळं," पुरुषोत्तम आम्हाला मराठीत म्हणाला. सीनियरपुढे कोण बोलणार, कप्पाळ!

अलास्कात एका दुपारी ओढ्याकडून गोळ्यांचे आवाज आले. पुरुषोत्तम आणि कुशल धापा टाकत कॅम्पवर परतले. "हवेत फायर केल्या. पळालं अस्वल," पुरुषोत्तमने प्रोफेसरना सांगितलं. कुशलचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी विचारलं तर म्हणाला, "घाबरलो गं ताई, बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तमला ओढ्याकाठी विसरलेला हातोडा आठवला. "जा रे कुशल, घेऊन ये. लहान आहेस तू." कुशल क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला आणि गेला. रिव्हॉल्व्हर पुरुषोत्तमच्याच कमरेला होतं.

कुशलचं ओरडणं मी ऐकलं. ते लवकर थांबलं नाही. मी आणि प्रोफेसर भांडी बडवत धावलो, तेव्हा अस्वल लंगडत झुडपात शिरलं. कुशलचा फक्त शर्ट ओळखू आला मला.

रेंजर्सनी दुपारी अस्वल मारलं. त्याच्या खांद्यातून आदल्या दिवशीच्या गोळ्या निघाल्या, फुललेल्या, चरबीत रुतलेल्या. जखमी अस्वल जवळपास असताना तिथे कुणी पाऊलसुद्धा टाकायचं नसतं, रेंजर म्हणाला. ते आधी सगळ्यांना सांगायचं असतं. मी पुरुषोत्तमकडे पाहिलं.

"मीच त्याला गप्प बस म्हटलं," तो पुटपुटला. "गोऱ्यांसमोर आपलं हसं झालं असतं गं."

हसं! पोराचा जीव गेला आणि ह्याला हशाची पडली होती.

गावातल्या लॉजवरून नागपूरला फोन लावला तोही ह्यानेच; सीनियर ना! कुशलचे बाबा शेजाऱ्यांच्या फोनवर आले. इतक्या लांबून बोलतोय म्हणून ओरडून बोलत होते, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. पुरुषोत्तमने आवाज कापरा केला. "काका, फार वाईट बातमी आहे. कुशल गेला. अस्वलाने... मी समजावलं होतं हो, पण तो एकटाच गेला."

 पलीकडून आवाज आला, "आमच्या पोरापायी तुम्हाले तरास झाला, सर. माफ करजा."

आणि ह्याने काय म्हणावं? "असू द्या, काका."

माझं डोकंच फिरलं. मी रिसीव्हर हिसकावला. "जय भीम काका, मी सुजाता." आणि सगळं सांगितलं. गोळ्या कुणी निवडल्या, जखमी अस्वल कुणी लपवलं, गप्प कुणी बसवलं, आणि सकाळी एकट्याला कुणी धाडलं. मागे काकूंनी हंबरडा फोडला. काका शांतपणे म्हणाले, "थो माणूस तिथंच हाय का? द्या त्याले."

पुरुषोत्तम मान हलवत भिंतीला टेकला. मी त्याचं बकोट धरलं आणि रिसीव्हर त्याच्या कानावर दाबला. "ऐक मेल्या," म्हटलं, "ते फोन ठेवीपर्यंत ऐक."