मृगाचा तिसरा भाग

वसुधा देव जबलपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि विज्ञानकादंबरी लिहू लागल्या. कादंबरी तीन भागांची, नायिका शनीकडे निघालेल्या यानाची कप्तान मृगा. पहिल्या भागात मृगाने एकटीच्या बळावर यान वाचवलं. दुसऱ्यात त्याच हट्टापायी दोन सोबती गमावले. तिसऱ्यात ती बदलायला हवी होती, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. मृगा पश्चात्तापाचं लांबलचक भाषण करायची अन् पुढच्याच पानावर पुन्हा एकटी निघायची.

अशातच वसुधाताईंच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पंधरवडाभर पालथं पडून राहायला सांगितलं. घरात दुसरं कोणी नाही. शेजारच्या प्रतिमा गजभिये टेलिफोन खात्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या न बोलावता डबा घेऊन आल्या आणि दुपारी लिहून घ्यायलाही बसू लागल्या. वसुधाताई उशीत तोंड खुपसून सांगायच्या. बाकी कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. माझं मी बघेन म्हणायच्या.

एका दुपारी प्रतिमाबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला.

"दीदी, ही मृगा एवढं बोलून राहिली, पण कोणाला काही मागत काहून नाही?"

नायिकेचा स्वभावच तसा, असं म्हणायला वसुधाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ऑपरेशन झाल्यापासून केसांना पाणी लागलं नव्हतं. डोकं खाजत होतं, पण त्या मुकाट्याने सोसत होत्या. त्या म्हणाल्या, "प्रतिमाबाई, माझे केस धुवून द्याल?"

"चलो, पाणी तापवते," एवढंच बोलून प्रतिमाबाई उठल्या.

स्टुलावर वाकलेल्या वसुधाताईंच्या डोळ्यावर एक थेंबही येऊ न देता त्यांनी हलक्या हाताने केस धुतले. कोमट पाणी मानेवरून ओघळत होतं. असं आपल्याला शेवटचं कोणी न्हाऊ घातलं, हे वसुधाताईंना आठवेना. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषण खोडायला सांगितलं. आता यानाचं इंजिन बंद पडतं तेव्हा मृगा, पहिल्या भागात जिला तिने इंजिनाजवळून हाकलून दिलं होतं, त्या तंत्रज्ञ मुलीकडे जाते आणि म्हणते, "ही तार धर. मला एकटीला जमत नाही." पुढची प्रकरणं भराभर उतरली.

पुस्तक छापून आलं, ते प्रतिमाबाईंना अर्पण केलेलं. त्यांनी ते दोन बैठकांत वाचून काढलं आणि तक्रार केली की शेवटी शेवटीही मृगा हुकूम सोडतेच.

"तेवढं राहू द्या तिचं," वसुधाताई हसत म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही बदललंत, तेच पुष्कळ झालं."