गोदामातली विचारपूस

गणेशने टोकनचा नंबर पुन्हा टाकला आणि पडद्यावर पुन्हा काहीच आलं नाही. समोर मोतीबाई उभी होती. ऊसतोडीवरून ती परवाच तांड्यावर परतली होती. दिवाळीनंतर जाताना तिच्या नवऱ्याने, हेमसिंगने, घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची पोती मानोऱ्याच्या या गोदामात ठेवली होती, कारण बंद घरात ती उंदरांना पुरली नसती. आता पेरणी तोंडावर आली होती आणि हेमसिंग तिकडेच, उसाच्या फडात, तापाने गेला होता.

"नाव दाखवून नाही राह्यलं, मोतीबाई."

"पन पोते तं दिसून राह्यले ना, गणेशभाऊ."

पोती खरंच दिसत होती. पण पडद्यावर नाव आल्याखेरीज पोतं हलवायचं नाही, असा शेतकरी कंपनीचे अध्यक्ष उकंडराव यांचा नियम होता. गोदामाचा हिशोब क्लाऊडवर गेला त्या दिवशी, गळ्यात हार असतानाच, त्यांनी तो जाहीर केला होता. तोवर संगणक गणेश सांभाळायचा. धूळ झटकायचा, वीज आली-गेली की त्याची समजूत काढायचा. मग उकंडरावांनी पुण्याच्या एका कंपनीकडे डेटाबेस भाड्याने घेतला. एका नंबरला एक नाव, बस. नंबर विचारा, नाव मिळेल. देखभाल, दुरुस्ती, राखण सगळी त्यांची. गणेशकडे कंटाळा तेवढा उरला.

त्याने पुण्याला फोन लावला. योगिनी नावाची मुलगी फार गोड बोलली. काहीच बिघडलेलं नाही, म्हणाली. तुमच्या छोट्या प्लॅनची मेमरी भरली. ती भरली की ज्या नंबराला सगळ्यात जास्त दिवस कोणी विचारलं नाही, त्याचं नाव आपोआप निघून जातं. रोजची प्रत काढून ठेवतो, पण इतक्या जुन्या प्रती राहत नाहीत. जुनं ठेवून नव्याला नाही म्हणायचीही सोय होती. ती तुमच्या साहेबांनीच नको म्हटली.

उकंडरावांनी ते नाकारलं नाही. "दारात आलेल्या मानसाले नाही म्हननं बरं दिसते का?" गेलेल्या माणसाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

गावातल्यांची नावं शाबूत होती. ते बाजाराला आले की डोकावून आपल्या पोत्यांची चौकशी करून जात. गायब झाली ती तांड्यांवरची. अर्धं वर्ष त्यांना कोण विचारणार?

हेमसिंगने पोती पाठीवरून आणली होती, हे गणेशला आठवत होतं. पण आठवण नियमात बसत नव्हती. तो कळफलकाकडे बघत राहिला. इतक्या लांब, इतक्या बंदोबस्तात ठेवलेलं हे प्रकरण, पण नंबरापुढे जे टाकाल तेच ते खरं मानायचं. कळलं असतं तर नोकरी गेली असती. मात्र उकाडा असा होता, की भीतीही फार वेळ टिकली नाही.

"नाव टाकतो मी. तुमचंच टाकू ना?"



"त्याइचंच टाका. रेशनातून काढलं, मुकादमानं टोळीतून काढलं. अठी तरी असू द्या."

त्याने टाकलं. विचारलं. 'हेमसिंग' आलं. हमालाने पोती ऑटोत चढवली आणि मोतीबाई त्यांना टेकून बसली.

माल गेला की नंबर खोडायचा, हाही नियमच. गणेशने तो खोडला नाही.

अजून बऱ्याच टोळ्या परतायच्या आहेत. गोदाम बंद करण्याआधी तो त्यांचे उरलेले नंबर एकेक करून विचारतो, म्हणजे ती नावं तरी टिकतील. जागा तर तेवढीच; कधीतरी उकंडरावांच्या भावकीतलं नाव निघून जाईल आणि मोठा प्लॅन येईल, असा त्याचा अंदाज आहे. सगळ्यांत शेवटी, ज्याचं गोदामात आता काहीच नाही, तो नंबर टाकतो. नाव येतं. गणेश "बरं," म्हणतो आणि शटर ओढून घेतो.