पाना फिरायला जागा

अनुजाने डिप्लोमाला कुठल्या कॉलेजात जावं, यावर भोईवाड्यातल्या चाळीत ज्याला त्याला मत होतं; नव्हतं ते फक्त अनुजाला. यंत्रांचं ड्रॉइंग शिकायचं एवढंच पक्कं. पसंतीचा फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा होता, आणि पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज मिळालं की मग बदल नाही. आईचा जीव लोअर परळच्या काचेच्या कॉलेजात अडकला होता; यादीत दुसरं होतं वडाळ्याचं.

शेवटी शेजारचे रूपर्ट अंकल म्हणाले, "चल, दोन्ही बघून येऊ." अंकल जन्मभर मिलमध्ये ड्राफ्ट्समन. पंच्याहत्तरी उलटली तरी शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. निघताना त्यांनी एक पिवळं पडलेलं ड्रॉइंग बगलेत मारलं.

लोअर परळला लॅब गारेगार, स्क्रीन मोठाले. अंकलनी तिथल्या सरांपुढे कागद उलगडला.

"वा, काय सुबक हात आहे," सर म्हणाले आणि प्लेसमेंटचं सांगू लागले. अंकल थँक्यू म्हणून निघाले.

वडाळ्याच्या कॉलेजाने रंगाचं तोंड बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. वर्कशॉपमध्ये तेलकट हातांच्या एक मॅडम मुलींकडून त्यांनीच कागदावर काढलेले भाग लेथ मशीनवर करून घेत होत्या. त्यांनी अंकलचा कागद पाहिला मात्र, बोट ठेवलं.

"हा बोल्ट भिंतीला चिकटलाय. कसायचा कसा? पाना फिरायला जागा कुठाय?"

अंकल बाहेर येऊन बाकावर बसले. चष्मा काढून डोळे पुसले.

"बावीस वर्षांचा होतो मी. कॉलेजात पहिला आलेलो, डोक्यात हवा. हे माझं मिलमधलं पहिलं ड्रॉइंग. लेथवरच्या एका टर्नरने हाच सवाल केला. चारचौघांत नाय, बाजूला घेऊन. मग वर्षभर मशीनपाशी उभं करून शिकवलं मला."

"कोणी?"

"तुझ्या आजोबांनी. धोंडूने. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं बघ."

अनुजाने आजोबा फोटोतच पाहिले होते. घरी आठवण निघायची ती त्यांच्या तापटपणाची. तिथेच बसून तिने मोबाइलवर फॉर्म भरला, वडाळा पहिलं.

घरी आईने विचारलं, "काय ठरलं?"

"आजोबांचं कॉलेज घेतलं."

"मामंजींचं? चौथी शिकलेला माणूस तो. कॉलेजात कधी शिकले?"

"शिकले नाहीत गं," अनुजा म्हणाली. "शिकवायचे."