समहाच्या वाटचे श्वास

मी पहिल्यांदा ऐकलेला आवाज माझा नव्हता. दूरच्या थंड मुलुखातल्या एका कारखान्यात एक कारागीर माझ्या नळीला कान लावून बसला होता. कुठून हवा गळते का, ते पाहत होता. त्याच्या छातीत बारीक शीळ वाजायची. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना दुसरी. जगात श्वास नावाची गोष्ट आहे आणि ती घ्यायला कुणाकुणाला कष्ट पडतात, हे मला त्या शिळेवरून कळलं.

मी एक श्वासयंत्र. माणसांचं नव्हे, मोठ्या जनावरांचं. माझ्या अंगात एक उंच, आरपार दिसणारा डबा आहे आणि त्यात काळ्या रबराचा भाता. भाता दबला की हवा जनावराच्या छातीत जाते, फुलला की परत येते. लोहाराचा भाता ज्यांनी पाहिलाय, त्यांना माझ्याबद्दल फारसं सांगायला नको.

शस्त्रक्रियेसाठी जनावराला गाढ झोपवलं की ते श्वास घ्यायलाही आळसावतं. उंट तर एवढा जड, की झोपला की स्वतःच्याच पोटाने त्याची छाती दबते. मग तेवढा वेळ त्याच्या वाटचे श्वास मी घेतो. माझं काम एवढंच.

मला आणलं ते ओमानमध्ये, वाळू जिथे सुरू होते तिथल्या उंटांच्या दवाखान्यात. झुवैना माझी देखभाल करायची. जनावराला झोपवणं, त्याच्या श्वासावर नजर ठेवणं, सगळं तिच्याकडे. माझ्यावर वाळूचा कण बसलेला तिला चालत नसे. भाता पुसता पुसता विचारायची, "काय म्हाताऱ्या, आज दमा उठलाय वाटतं?" तेव्हा मी म्हातारा नव्हतो. पण तिने हाक मारली आणि मी झालो.

शस्त्रक्रिया डॉक्टर तय्यब करायचे. ते सुदानचे. चहात एवढी साखर घालायचे, की झुवैना म्हणायची, "डॉक्टर, साखरेत थोडा चहा घाला ना." ते हसायचे आणि आणखी एक चमचा घालायचे.

इतकी वर्षं या खोलीत काढली, तेव्हा माणसांच्या थोड्याफार सवयी कळल्या. उंट आत झोपलेला असतो आणि मालक दारात उभा राहून फोनवर कुणाशी तरी टायरविषयी बोलत असतो. आवाज मोठा, पण पाठ आमच्याकडे. पाठ का केलीय, ते मला ठाऊक असतं.

घुबैशा मात्र तशी नव्हती. ती उघड उघड भांडत आली.

घुबैशा म्हणजे वाळवंटातली एक म्हातारी विधवा. तिची समहा नावाची उंटीण होती. पिकअपच्या मागच्या बाजूला समहा बसली होती, गाडीला अचानक ब्रेक लागला आणि तिचं तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. खालचा जबडा मोडला. तार घालून तो बांधायचा होता. घुबैशाला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. आदल्या दिवशीच डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, "खाला, उद्यापर्यंत हिला उपाशी ठेवायचं. चारा अजिबात द्यायचा नाही."

सकाळी घुबैशा समहाच्या शेजारी पिकअपमध्येच बसून आली. उतरल्या उतरल्या तिने मला पाहिलं.

"हा डबा माझ्या पोरीचा श्वास घेणार?"

"हो खाला. भरवशाचा आहे," झुवैना म्हणाली.

"भरवशाचा तर माझा नवराही होता."

समहाला गुंगीचं औषध दिलं. ती हळूहळू गुडघे मोडून बसली, मान खाली गेली. जबडा मोडलेला, म्हणून नळी नाकातून घातली. श्वासनलिकेत गेल्यावर नळीच्या टोकाचा फुगा फुगवला, म्हणजे तोंडातलं काही छातीत उतरायला नको. मानेखाली उशी दिली, तोंड उताराला ठेवलं. मग झुवैनाने माझी कळ फिरवली आणि मी समहाचा पहिला श्वास घेतला.

तो घेतानाच मला काहीतरी खटकलं. छाती मऊ लागत नव्हती. खालून पोट रेटत होतं. हवेचा दाब दाखवणारी माझी सुई नेहमीपेक्षा वर चढली.

"डॉक्टर, सुई वर जातेय," झुवैना म्हणाली. "हिचं पोट भरलेलं आहे."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात समहाच्या तोंडातून तपकिरी लगदा बाहेर आला. खोलीभर खजुराचा वास पसरला.

झुवैनाने आधी नळीच्या फुग्यातली हवा तपासली. मग तोंड आणखी खाली केलं, बोटांनी लगदा काढला, घसा धुतला. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

"खाला, काय दिलंत हिला?"

"काही नाही."

"खाला."

"चारा नाही दिला. काडीसुद्धा नाही. तुम्ही चारा म्हणाला होतात."

"मग हे काय?"

"खजूर. दुधात कालवून." घुबैशा म्हणाली. "खजूर म्हणजे काय चारा असतो? माझ्या दारातून परका माणूससुद्धा खजूर खाल्ल्याशिवाय जात नाही. हिला तशीच उपाशी गाडीत घालू? तिला चावता येईना, मी बोटाने भरवलं. किती आवडीने चाटलंन्."

झुवैना चिडली होती. "तुमच्या पाहुणचाराने मेली असती ती! हे छातीत गेलं असतं ना, तर..."

"झुवैना," डॉक्टर हळूच म्हणाले. "सुई बघ."

झुवैनाने एक लांब नळी पोटात सरकवली. गॅस बाहेर पडला, तसं पोट थोडं बसलं. सुई खाली आली. छाती मऊ लागू लागली. डॉक्टर तार घालत होते आणि मी समहाचे श्वास घेत होतो. दारात घुबैशा जमिनीवर बसली होती. माझा भाता दबला की तिचेही खांदे खाली जायचे, फुलला की वर. तिला ते कळत नसावं.

तार बांधून झाली. झोपेचं औषध बंद केलं. आणि आता जे करायचं असतं, ते माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. थांबणं.

झुवैनाने माझी गती कमी केली. मग आणखी कमी. मग मला बंद केलं. भाता निपचित पडला.

घुबैशा ताडकन उठली. "बंद का केलंस? चालू कर!"

"खाला, आता तिने घ्यायचा."

"ती झोपलीय, कशी घेईल? हा घेत होता ना चांगला? घेऊ दे की! वीज महाग झालीय का तुमची?"

"सासू रांधतेय तोवर सून चुलीपाशी फिरकते का?" झुवैना म्हणाली. हात समहाच्या गळ्यावरच्या नाडीवर होता, डोळे छातीवर. "आयता मिळतोय तोवर ती घेणार नाही. थोडी तहान लागू दे तिला श्वासाची."

"माझी सून तर सासू मेल्यावरही यायची नाही," घुबैशा म्हणाली आणि रडायला लागली.

समहा श्वास घेईना. झुवैनाने एकदा माझ्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला, पुन्हा थांबली. मला वाटत होतं, चालू व्हावं. माझा स्वभावच तो. पण झुवैनाने कळेवरचा हात काढून घेतला होता.

घुबैशा पुढे आली. कुणी अडवलं नाही. तिने तोंडावरचा कडक, मुखवट्यासारखा बुरखा कपाळावर सरकवला, परक्या पुरुषादेखत. डॉक्टर तय्यब लगेच भिंतीकडे वळून उभे राहिले. तिने आपलं नाक समहाच्या मोकळ्या नाकपुडीला टेकवलं. इथली माणसं भेटली की अशीच भेटतात.

"घे गं बाई," ती म्हणाली. "नाही देणार पुन्हा खजूर. सांगशील तेव्हाच देईन. घे."

आणि माझ्या नळीतली हवा हलली.

इतका वेळ मी ढकलत होतो. आता पलीकडून कुणीतरी ओढलं. बारीकसं, चाचरत. पिशवी आत गेली, बाहेर आली. पुन्हा गेली.

"घेतला!" झुवैना म्हणाली. भिंतीकडे तोंड करूनच डॉक्टरांनी विचारलं, "खोल आहे का?" "आहे." मग पुन्हा एक. आणि आणखी एक.

झुवैना पुढे सगळ्यांना सांगायची, की श्वास थांबल्यावर रक्तात साचलेल्या वायूमुळे श्वास आला, नाकाला नाक लावल्यामुळे नव्हे. तिचं बरोबर असेल. मी तेव्हा बंद होतो, मी काय सांगणार?

त्यानंतर लवकरच दवाखान्यात नवीन यंत्र आलं. त्याला पडदा आहे, आकडे आहेत, ते बोलतंही. चांगलं आहे. मला दाराजवळ नेऊन ठेवलं. माझा भाता एका घडीवर चिरलाय. झुवैना अजून येता-जाता फडकं मारते.

तक्रार नाही माझी. एकच मागणं आहे. जीव धरून ठेवणाऱ्याचं तुम्ही कौतुक करता, ते करावंच. पण वेळ आली की हात काढून घेणाऱ्यालाही दोन चांगले शब्द द्या. त्या थोड्या वेळात झुवैनाला केवढा घाम फुटला होता, ते फक्त मी जवळून पाहिलंय.

मी दाराजवळ आल्यावर, थंडीच्या दिवसांत, समहा तार काढायला आली. उभ्या उभ्याच काम झालं. परत जाताना घुबैशाने तिला माझ्यासमोर थांबवलं.

"बघ गं, हा तो. तुझ्या वाटचे श्वास ह्याने घेतले. काहीतरी बोल त्याच्याशी."

समहाने मान खाली केली. माझी नळी हुंगली. मी तिची छाती आतून ओळखत होतो, पण तिला मी कधी दिसलोच नव्हतो. माझ्यापाशी आलेलं प्रत्येक जनावर झोपलेलं असतं.

तिचा ऊबदार श्वास माझ्या डब्यावर क्षणभर धुक्यासारखा बसला. तिचा स्वतःचा. मग तिने मान उचलली आणि काही न बोलता, सावकाश पावलं टाकत, वाळूकडे निघून गेली.