मास्तरांचा शब्द

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. केस पांढरे होईस्तोवर त्यांनी तिथे व्यंगचित्रं काढली, पण त्यांच्या चित्रावरून कधी कुणाच्या कपाळावर साधी आठी पडली नाही. आणि त्यांच्याच हाताखाली रेघ ओढायला शिकलेल्या, कचेरीत सगळे धाकटी म्हणत त्या पोरीचं एक चित्र छापून आलं, तर फाटकाशी जमाव, खिडक्यांच्या काचांचा चुरा आणि शहरभर तिचंच नाव!

चित्रात पुजारी देवाची मानगूट धरून त्याला देवळाबाहेर काढत होते. देवाचे कपडे फाटलेले, चेहरा केविलवाणा.

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. शिव्या का होईना, तिला मिळत होत्या.

घरी बायको तेच चित्र समोर धरून बसलेली, डोळे ओले. "देवाची अशी दशा करायची? फार लागलं हो मला."

"माझी चित्रं तर तू कपाटात भांड्यांखाली अंथरतेस," मास्तर फणकारले.

"हे काय मधेच?"

दुसऱ्या दिवशी संपादकांनी दोघांनाही बोलावलं. "मास्तर, तुमचा शब्द शेवटचा. हिच्या पाठीशी उभं राहायचं, की माफी छापायची?"

धाकटी निर्धास्त होती. मास्तर आपलेच, हा तिचा भरवसा.

"माफी छापा," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "लोकांच्या भावनांशी खेळ नको. माझ्या घरातच डोळ्यांना पाणी आलंय."

शब्द न् शब्द खरा होता, तरी बोलताना त्यांना धाकटीकडे बघवेना.

माफी छापून आली. धाकटीने राजीनामा दिला.

बायकोला कळलं तशी ती उसळली. "मला लागलं, तर मी तिच्याशी भांडले असते. पोरीच्या हातातलं पेन काढून घ्या, असं म्हटलं होतं का मी? स्वतःच्या पोटदुखीपायी माझी आसवं कशाला पुढे केलीत?"

मास्तरांनी गुपचूप धाकटीला फोन लावला. "चित्र उत्तम होतं गं. मला जमलं नसतं. जळलो मी तुझ्यावर."

ती म्हणाली, "यातलं पहिलं वाक्य त्या खोलीत बोलला असतात, तरी पुरलं असतं, मास्तर."

पुढे दुसऱ्या वर्तमानपत्रात तिची चित्रं येऊ लागली. मास्तर चहा निवेपर्यंत ती न्याहाळतात. बायकोच्या हाती मात्र तो अंक लवकर लागू देत नाहीत; पोटदुखी अजून थोडी उरलीच आहे.