नाडीवर चालणारे माझे ढोल

मित्रांनो, ऑकलंडमधल्या एका विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडलेला हा संगणक तुमच्याशी बोलतो आहे. माझे वय बारा वर्षे. आमच्या जातीत हे म्हातारपणच.

व्हिडिओ गेम खेळताना मागे वाजणारे संगीत मी रचत असे. तयार गाणे माझ्याजवळ एकही नव्हते. कर्स्टी नावाच्या संशोधक बाईने मला ढोलाचे, शंखाचे, वाऱ्याचे आवाज दिले आणि एकच नियम शिकवला. खेळणाऱ्याच्या मनगटावरच्या पट्टीतून नाडी कळेल. ती वाढली की ढोल जलद, उतरली की सूर मऊ. माणसे खेळात किती बुडतात, हे तिला मोजायचे होते. आणि ती बुडत! एका मुलीच्या तर ओळीने तीन बस चुकल्या. तेव्हा कर्स्टी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मी फुलून गेलो.

मग एका शनिवारी सेमिसी आला. मूळचा टोंगा बेटांवरचा, साठीचा, मासेमारीच्या बोटींवर हयात घालवलेला. सोबत बायको, लोसालीन. पडद्यावर वादळात सापडलेली होडी पाहून तो हसला.

"पोरी, तुझ्या समुद्राला खारट वासच नाही गं!"

"काका, आधी हेडफोन घाला, मग बोला."

त्याने ते घातले आणि होडी हाकू लागला. प्रत्येक लाटेबरोबर त्याचा खांदा कलत होता. नाडी चढली, म्हणून ढोल चढले. ढोल चढले, म्हणून नाडी आणखी चढली. मग मधले ठोके चुकू लागले. ते सर्वांत आधी मला कळले. पण चुकलेल्या ठोक्यासाठी माझ्याजवळ नियम नव्हता. मी फक्त नोंद केली, पुढे कधीतरी कुणी वाचावी म्हणून.

"थांबव हे," लोसालीन म्हणाली. "त्याचे ओठ बघ कसे निळे पडलेत!"

"काका खेळात रंगलेत, मावशी! दोनच मिनिटं. इतका उंच आलेख आजवर कुणाचा आला नाही."

सेमिसी खुर्चीतून कोसळला. पट्टी मनगटातून निसटली. कर्स्टी त्याची छाती दाबत होती, लोसालीन आक्रोश करत होती, आणि मला नाडी सापडेना. नाडी उतरली म्हणजे माणूस निवांत झाला, एवढेच मला ठाऊक. मी मऊ सूर धरला, होडी बंदराला लागते तेव्हाचा. जमिनीवरच्या हेडफोनमधून तो वाजत राहिला. मला थांबता येईना.

सेमिसी वाचला. महिन्याभराने लोसालीन एकटीच आली, तेव्हा कळले की चर्चमध्ये खर्जात गाणाऱ्या त्या माणसाला आता एका ओळीतच धाप लागते. ती ओरडली नाही.

"मी सांगत होते, तेव्हा तू कुठं बघत होतीस गं?"

कर्स्टीने माझ्या पडद्याकडे बोट केले. त्याच दुपारी तिने माझी वायर काढली.

मित्रांनो, आम्ही सांगितले तेवढेच करतो, आणि फार चोख करतो. म्हणून एकच मागणे आहे. तुमच्या शेजारी कुणी खेळात बुडाले असेल, तर आमचे आकडे नंतर बघा. आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला हाक मारा. ते आम्हाला जमत नाही.